श्रेयांक बँकेत जमा, मग पोरीचं साल गेलं कुठी?

बाळापूरच्या एसटी स्टँडवर परवा एक बाई भेटल्या. वस्तीतल्याच, ओळखीच्या. वेचणीच्या दिवसांत पहाटे शेताकडे निघणाऱ्या आणि दिवस बुडाल्यावर परतणाऱ्या. हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत लेकीची कागदपत्रे. त्यांनी मला थांबवले आणि एकच प्रश्न विचारला. "भाऊ, पोरीनं एक साल कॉलेज केलं. पास झाली. आता दुसऱ्या कॉलेजात गेली तं थे म्हंतेत, पयल्यापासून सुरू करा. मंग हे साल गेलं कुठी?"

मी कागदपत्रे पाहिली. मुलीने इकडच्या एका महाविद्यालयात बी.ए.चे पहिले वर्ष पूर्ण केलेले. दोन्ही सत्रे उत्तीर्ण. श्रेयांक तिच्या नावावर जमा. पण मुलीचा जीव चित्रकलेत. शाळेत असताना तिने एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकला परीक्षा दिल्या. १४ एप्रिलला वस्तीतल्या भिंतीवर बाबासाहेबांचे चित्र काढायचे तर लोक तिलाच बोलावतात. बारावीनंतर घरची परिस्थिती पाहून तिने जवळचे महाविद्यालय धरले. वर्षभर एसटीने जाणे-येणे केले. मग कोणीतरी सांगितले की, चित्रकलेचीही पदवी असते आणि त्यासाठी सीईटी असते. तिने सीईटी दिली, दुसऱ्या शहरातल्या चित्रकला महाविद्यालयात जागा मिळाली. जुन्या महाविद्यालयात सांगण्यात आले, "जा, तुझे श्रेयांक तुझ्यासोबत येतील." नव्या ठिकाणी सांगण्यात आले, "ते आमच्याकडे चालत नाहीत, पहिल्या वर्षाला बस." आणि शिष्यवृत्तीच्या अर्जावर शेरा आला की, विद्यार्थिनीने याआधी पहिल्या वर्षाचा लाभ घेतलेला आहे.

तिन्ही टेबलांवरची माणसे आपापल्या परीने नियमच सांगत होती. तरीही वर्ष गेले ते मुलीचे. हा एका मुलीचा प्रश्न असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु नव्या शैक्षणिक धोरणाच्या नावाने जी रचना आज गावोगावच्या महाविद्यालयांत उभी राहिली आहे, तिच्यात हा प्रश्न आपल्या हजारो मुलामुलींसमोर येणार आहे. म्हणून तो नीट समजून घेणे आवश्यक आहे.

बँक कशाची आहे?

२९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केले. त्यातील एक मोठी घोषणा म्हणजे 'बहुविध प्रवेश आणि बहुविध निर्गमन'. सोप्या भाषेत सांगायचे तर पदवी पूर्ण होण्याआधी कोणत्याही टप्प्यावर शिक्षण सोडता येईल आणि पुन्हा येता येईल. एक वर्ष केले तर प्रमाणपत्र, दोन वर्षे केली तर पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स पदवी. या येण्याजाण्याचा हिशेब ठेवण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'चे नियम काढले. विद्यार्थ्याने मिळविलेले श्रेयांक या बँकेत त्याच्या नावावर जमा होतात. त्यांची मुदत जास्तीत जास्त ७ वर्षे. एका संस्थेत कमावलेले श्रेयांक दुसऱ्या संस्थेत नेता येतील, मात्र जी संस्था पदवी देणार तिथे किमान ५० टक्के श्रेयांक मिळवावे लागतील, अशी अट आहे.

महाराष्ट्रात २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत ही रचना आली. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतली महाविद्यालयेही तिच्यात आली. आपल्या राज्याच्या आराखड्यात वर्षाला साधारण ४४ श्रेयांक धरलेले आहेत. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडायचे तर आणखी ४ श्रेयांकांचे कौशल्याचे काम करावे लागते, तेव्हा कुठे प्रमाणपत्र हाती पडते.

कागदावर पाहिले तर यात वाईट काय आहे? काहीच नाही. उलट ज्याला मध्येच शिक्षण सोडावे लागते, त्याने केलेला अभ्यास वाया जाऊ नये ही मागणी तर आपलीच आहे. पूर्वी दुसऱ्या वर्षाला शिक्षण सुटले की पोरगा 'बारावी पास'च राहत असे. त्याच्या दोन वर्षांची नोंद कुठेही नव्हती. आता ती होईल. तेव्हा धोरण दिल्लीहून आले म्हणून सरसकट झोडपून काढणे हा शहाणपणा नाही. प्रश्न हा आहे की, बँकेत जमा झालेली रक्कम काढायला गेल्यावर काउंटरवर काय सांगितले जाते?

कला आणि चित्रकला

इथे एक गोष्ट आपल्या पालकांनी नीट ध्यानात घ्यावी. आपल्याकडे 'कला महाविद्यालय' म्हटले की बी.ए.चे महाविद्यालय. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र. चित्र, शिल्प, उपयोजित कला शिकविणारे ते 'चित्रकला महाविद्यालय'. तिथली पदवी बी.एफ.ए., म्हणजे चार वर्षांची ललित कलेची पदवी. तिच्या प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्षाची स्वतंत्र परीक्षा असते. त्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र यांची प्रात्यक्षिके असतात. शासकीय चित्रकला महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, इथे आहेत. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टला, जी १८५७ साली सुरू झाली, २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. म्हणजे तिथले अभ्यासक्रम आणि श्रेयांकाचे नियम आता तिचे स्वतःचे. याशिवाय तिसरा रस्ता आहे तो पदविकांचा. फाउंडेशन, आर्ट टीचर डिप्लोमा म्हणजे ए.टी.डी. अशा, कला संचालनालयाकडून चालत आलेल्या आणि विद्यापीठाबाहेरच्या.

म्हणजे चित्र काढणाऱ्या मुलीसमोर तीन दारे आहेत. घराजवळची बी.ए., दूरची बी.एफ.ए. आणि मधली पदविका. या तिन्ही दारांची चलने वेगळी आहेत. एका दारावरचे नाणे दुसऱ्या दारावर आपोआप चालत नाही. हे तिला बारावीच्या वर्गात कोणी सांगितले नाही. सांगणारा कोण? ज्या घरात पहिलीच पिढी महाविद्यालयाची पायरी चढते, तिथे हे सांगणारा काका-मामा नसतो. शहरातल्या मुलांना जी माहिती जेवणाच्या ताटावर मिळते, ती आपल्या मुलांना एक वर्ष गमावून मिळते. ही माहितीची विषमतासुद्धा जातिव्यवस्थेनेच घडविलेली विषमता आहे.

श्रेयांक वाचतात, वर्ष वाचत नाही

आता हिशेब पाहू. बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या ४४ श्रेयांकांत काही विषय कोणत्याही शाखेला समान असतात. भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा, खुला ऐच्छिक विषय वगैरे. हे श्रेयांक चित्रकलेच्या पदवीत मान्य करता येण्यासारखे आहेत. पण इतिहासाचे वा राज्यशास्त्राचे मुख्य विषयाचे श्रेयांक रेखांकनाच्या वा रंगचित्रणाच्या जागी बसणार नाहीत. आणि बसूही नयेत. चित्रकला ही हाताने शिकायची गोष्ट आहे. मानवी देहाचे रेखाटन केल्याशिवाय केवळ गुणपत्रिकेवरून ते येत नाही.

समजा नव्या संस्थेने ४४ पैकी १४ श्रेयांक मान्य केले. म्हणजे मुलीला पहिल्या वर्षात ते १४ श्रेयांकांचे विषय पुन्हा करावे लागणार नाहीत. तिचा भार हलका झाला. पण पहिल्या वर्षाचे स्टुडिओचे काम तर तिला करावेच लागेल आणि ते दोन सत्रांतच होईल. म्हणजे श्रेयांक वाचले तरी वर्ष वाचले नाही. श्रेयांक हस्तांतरणाची जाहिरात करणाऱ्यांनी ही साधी गोष्ट विद्यार्थ्यांना सांगितली पाहिजे. 'तुझे श्रेयांक सोबत येतील' हे वाक्य खरे असूनही फसवे आहे, ते यामुळे.

दुसरा हिशेब तासांचा. श्रेयांकाच्या आराखड्यात तासिकांच्या विषयाला एका श्रेयांकासाठी सत्रात १५ तास धरतात आणि प्रात्यक्षिकाला ३० तास. म्हणजे ४ श्रेयांकांचा इतिहासाचा पेपर ६० तासांत होतो, तर ४ श्रेयांकांचे रंगचित्रण १२० तास मागते. चित्रकलेच्या विद्यार्थ्याला त्याच श्रेयांकासाठी दुप्पट वेळ महाविद्यालयात थांबावे लागते. बाळापूरहून रोज एसटीने ये-जा करून, सुटीच्या दिवशी सोंगणीला जाऊन हे होत नाही. त्याला त्या शहरात राहावे लागते. रंग, कागद, कॅनव्हास, ब्रश यांचा खर्च वेगळाच. इतिहासाच्या विद्यार्थ्याला वाचनालयातले पुस्तक पुरते. चित्रकाराला दर आठवड्याला दुकानात पैसे मोजावे लागतात. म्हणजे एकच 'श्रेयांक' दोन मुलांना दोन वेगवेगळ्या किमतींना पडतो. आराखड्यात ही किंमत कुठेच लिहिलेली नाही.

तिसरा पर्याय ऑनलाईनचा सांगितला जातो. 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या व्यासपीठावरून एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम करता येतील, अशी नियमात तरतूद आहे. कलेचा इतिहास, सौंदर्यशास्त्र असे विषय असे करता येतीलही. २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्यांची मुभा आहे. एक नियमित आणि दुसरी मुक्त विद्यापीठातून घेता येते. २०२५ च्या नियमांनी वर्षातून दोनदा प्रवेश देण्याची मोकळीक संस्थांना दिली. पर्याय वाढले, यात शंका नाही. पण पर्याय निवडायला पैसा, वेळ आणि सल्ला या तीन गोष्टी लागतात. ज्याच्याकडे त्या आहेत त्याच्यासाठी हे पर्याय आहेत. ज्याच्याकडे नाहीत त्याच्यासाठी हा केवळ गोंधळ आहे.

शिष्यवृत्तीचा नियम जुन्याच काळात उभा

आता खऱ्या दुखण्याकडे येऊ. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही बाबासाहेबांच्या प्रयत्नांतून १९४४ साली सुरू झाली, तेव्हा ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. आज आपल्या समाजात जो काही शिकलेला वर्ग दिसतो, त्याच्या पाठीशी ही योजना आहे. परंतु तिच्या नियमावलीत वर्षानुवर्षे चालत आलेली काही कलमे पाहा. विद्यार्थ्याने राज्य शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय अभ्यासक्रमाचा विषय बदलला वा संस्था बदलली तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडले तर दिलेली रक्कम परत मागण्याचा अधिकार शासनाला आहे. एक टप्पा उत्तीर्ण झाल्यावर त्याच टप्प्याचे शिक्षण दुसऱ्या विषयात घेणारा विद्यार्थी अपात्र.

ही कलमे ज्या काळात लिहिली गेली, त्या काळात त्यांना एक अर्थ होता. विद्यार्थ्याने एक रस्ता धरायचा आणि शेवटपर्यंत चालायचा, अशीच तेव्हाची शिक्षणव्यवस्था होती. पण आज एकीकडे शासन सांगते, 'विषय बदला, संस्था बदला, मध्येच बाहेर पडा, पुन्हा या.' दुसरीकडे शिष्यवृत्तीचा नियम सांगतो, 'बदलाल तर परवानगी आणा, सोडाल तर पैसे परत करा.' शिक्षण खात्याने दार उघडले आणि शिष्यवृत्तीच्या नियमाने त्याच दाराला कडी घातली. ज्याच्या बापाच्या खिशात पैसे आहेत त्याला ही कडी दिसतही नाही. कडी दिसते ती शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्यालाच.

रकमेचेही पाहा. या योजनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत अव्यावसायिक पदवी अभ्यासक्रमासाठी निर्वाह भत्ता ठरला तो वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला ६,००० रुपये आणि घरून येणाऱ्याला ३,००० रुपये. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला महिन्याला २५० रुपये पडले. त्यातून चित्रकलेच्या विद्यार्थ्याने रंग घ्यावेत की एसटीचा पास काढावा? राज्याची स्वाधार योजना ही त्यामानाने मोठा आधार आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्याला मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत तिच्यात ठरविली गेली. पण तिथेही गुणांच्या अटी, वसतिगृहाचा नकार, भाडेकरार अशी कागदांची रांग आहे. आणि मध्येच अभ्यासक्रम बदललेल्या विद्यार्थ्याची फाईल या रांगेत सर्वांत शेवटी जाते, हा अनुभव गावोगावी ऐकायला मिळतो.

बाबासाहेबांनाही शिक्षण मध्येच सोडावे लागले होते

बहुविध निर्गमनाचे समर्थक म्हणतात, 'शिक्षण मध्येच सुटणे ही काही लाजेची गोष्ट नाही.' बरोबर आहे. आपल्या समाजाला हे कोणी शिकवायची गरज नाही, कारण आपल्यासमोर प्रत्यक्ष बाबासाहेबांचे उदाहरण आहे. १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना भारतात परतावे लागले. लंडनच्या संस्थेने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी दिली होती. मधल्या काळात त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठविले, छत्रपती शाहू महाराजांची मदत झाली आणि १९२० साली ते लंडनला परतले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. पूर्ण केली.

या घटनेकडे आपण केवळ अभिमानाने पाहतो. तिच्याकडे हिशेबानेही पाहिले पाहिजे. परत येणे कशामुळे शक्य झाले? एक, संस्थेने दिलेली मुदत स्पष्ट होती, हातात शब्द होता. दोन, मधल्या काळात कमाईचे साधन मिळाले. तीन, परत जाण्यासाठी पैसा उभा राहिला. यांतली एक जरी गोष्ट नसती तर लंडनच्या पदव्या राहून गेल्या असत्या. दार उघडे होते म्हणून नव्हे, तर दारापर्यंत पोहोचण्याचा खर्च निघाला म्हणून ते आत गेले.

आजच्या नियमात मुदत आहे. बाहेर पडल्यावर तीन वर्षांत परत यावे आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करावी, असे आयोगाच्या आराखड्यात म्हटलेले आहे. पण दुसरी आणि तिसरी गोष्ट कुठे आहे? एक वर्षाच्या प्रमाणपत्रावर बाळापुरात वा अकोल्यात कोणती नोकरी मिळते? राज्यसेवेच्या परीक्षेला पदवी लागते. शिक्षक व्हायला पदवी वा पदविका पूर्ण लागते. पहिल्या वर्षाचे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेला मुलगा पुण्याला कंपनीत हेल्परचे काम धरतो, मुलीचे लग्न होते. सात वर्षे बँकेत श्रेयांक पडून राहतात आणि मुदत संपते. मग कागदावर त्याला 'गळती' म्हणता येत नाही, 'निर्गमन' म्हणावे लागते. शब्द बदलला की आकडा सुधारतो, माणूस सुधारत नाही. बाहेर पडण्याच्या दारातून कोणत्या समाजाची मुले जास्त जातात आणि परत येण्याच्या दारातून कोणत्या समाजाची येतात, याची जातनिहाय नोंद दरवर्षी जाहीर करा, ही मागणी म्हणूनच आवश्यक आहे.

चित्रकला आपल्याला कशाला पाहिजे?

आपल्यातलेच काही शहाणे म्हणतील, 'पोरीने चित्रे काढून काय होणार? बी.ए. करून स्पर्धा परीक्षा द्यावी.' या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. शाळेत चित्रकला शिक्षकाची कायम जागा मिळणे कठीण झाले आहे. शिक्षण हक्क कायद्यानेच सहावी ते आठवीसाठी कला विषयाला अंशकालीन निदेशक पुरेसा मानला, तोही विद्यार्थी शंभराच्या वर असतील तिथे. एकेकाळी ए.टी.डी. झाले की आपल्या मुलाला शाळेत नोकरी लागत असे. तो रस्ता अरुंद झाला. भिंती आणि पाट्या रंगविणाऱ्या पेंटरचा धंदा फ्लेक्सने खाल्ला. ही वस्तुस्थिती लपवून कोणत्याही मुलीला चित्रकलेकडे ढकलणे अन्यायाचे होईल. उपयोजित कला, छपाई, ॲनिमेशन, संकल्पन यांत काम आहे. पण ते शहरात आहे आणि संगणकावर आहे, हेही सांगितले पाहिजे.

तरीही एक प्रश्न उरतो. अजिंठा आपल्या वऱ्हाडच्या शिवेवर आहे. जगातल्या महान चित्रकलेत गणली जाणारी ती चित्रे बुद्धाच्या धम्माने निर्माण केली. १८७२ पासून सुमारे बारा-तेरा वर्षे जे. जे. स्कूलचे विद्यार्थी ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली अजिंठ्यात जाऊन त्या चित्रांच्या प्रती करीत होते. भारतीय चित्रकलेच्या आधुनिक शिक्षणात बुद्धाचा वारसा इतका आधीपासून आहे. पण त्या वारशाचे वारस त्या वर्गात किती बसले? ज्यांनी हाताने माती, चामडे, बांबू, दोर आणि रंग घडविले, त्यांच्या कौशल्याला 'कारागिरी' म्हटले गेले आणि ज्यांनी ते विकत घेतले त्यांच्या आवडीला 'कला'. नागपूरचे सवी सावरकर नागपुरात आणि मग बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकले आणि दिल्लीच्या कॉलेज ऑफ आर्टमध्ये त्यांनी शिकविले. अस्पृश्यतेचे, देवदासीचे वास्तव त्यांनी कॅनव्हासवर आणले. एका शहरातून दुसऱ्या शहरात, एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत जाता आले म्हणून हे घडले. साहित्यात आपण आपली भाषा आणली. चित्रात आपली नजर आणायची असेल तर बाळापूरच्या मुलीला स्टुडिओपर्यंत जाता आले पाहिजे. तिने कोणता विषय घ्यावा हे तिच्या गरिबीने ठरवू नये.

करायचे काय?

पहिले काम पालकांचे आणि विद्यार्थ्यांचे. संस्था बदलण्याआधी, नंतर नव्हे, तीन गोष्टी लेखी मागा. नव्या संस्थेत कोणते श्रेयांक मान्य होणार आणि कोणते नाही, विषयांच्या नावासह. कितव्या वर्षाला प्रवेश मिळणार. आणि शिष्यवृत्ती चालू राहील की नाही, राहणार असेल तर कोणाची परवानगी लागेल. तोंडी 'होऊन जाईल' या शब्दावर टी.सी. काढू नका. आपले श्रेयांक खात्यात प्रत्यक्ष जमा झाले आहेत की नाही, हे निकालानंतर डिजिलॉकरवर पाहा. नावात वा जन्मतारखेत आधारशी फरक असेल तर आधी तो दुरुस्त करा. दुसऱ्या विद्यापीठात जायचे तर स्थलांतर प्रमाणपत्राचा आणि जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज वेळेत करा. आणि चित्रकलेकडे जायचेच असेल तर ते बारावीतच ठरवून त्याच वर्षी सीईटी द्या. इंटरमिजिएट परीक्षेच्या श्रेणीवर दहावीला ७, ५ वा ३ वाढीव गुण मिळतात एवढेच आपल्या घरांत माहीत असते. ती परीक्षा पुढच्या रस्त्याची पहिली पायरी आहे हेही माहीत व्हावे.

दुसरे काम चळवळीचे. आपल्या प्रत्येक तालुक्यात बुद्ध विहार आहे, मंडळ आहे, जयंती समिती आहे. मे-जून महिन्यांत विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ प्रवेश मार्गदर्शनासाठी ठेवायला फारसा खर्च येत नाही. आपल्यातले प्राध्यापक, कारकून, निवृत्त शिक्षक यांनी दोन तास बसावे. जयंतीच्या डीजेवर जो खर्च होतो त्याच्या एका भागात दोन विद्यार्थ्यांचे वर्षभराचे रंग आणि कागद येतात. हे कोणाला बोचले तर बोचू द्या.

तिसरे काम शासनाकडे आणि विद्यापीठाकडे मागणी करण्याचे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत दुरुस्ती करून श्रेयांक हस्तांतरणाने झालेला बदल हा 'अभ्यासक्रम सोडणे' समजू नये. पदवीसाठी शिष्यवृत्तीची एकूण वर्षे ठरवून द्यावीत आणि ती कोणत्या संस्थेत वापरायची हे विद्यार्थ्याला ठरवू द्यावे. मध्ये खंड पडून परत येणाऱ्याची शिष्यवृत्ती आपोआप पुन्हा सुरू व्हावी. अमरावती विद्यापीठाने आणि राज्यातल्या चित्रकला संस्थांनी समकक्षतेचा तक्ता, म्हणजे कोणता विषय कुठे चालेल याची यादी, प्रवेशाआधी मराठीत जाहीर करावी. विद्यापीठाबाहेरच्या चित्रकला पदविकांचे काम श्रेयांकात मोजून पदवीला जोडावे. आणि चित्रकलेसारख्या प्रात्यक्षिकाच्या अभ्यासक्रमाला साहित्य भत्ता वेगळा द्यावा.

या मागण्यांत भीक नाही. जे शासन म्हणते की श्रेयांक ही विद्यार्थ्याची ठेव आहे, त्याच शासनाला आम्ही सांगतो आहोत की ठेवीदाराला त्याची ठेव वापरता आली पाहिजे. पासबुकावर आकडा दिसतो आणि काउंटरवर पैसे मिळत नाहीत, अशा बँकेला लोक काय म्हणतात, हे सांगायला नको.

त्या मुलीने चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज अडकलेला आहे आणि आईने वेचणीच्या मजुरीवर उचल घेतली आहे. स्टँडवर त्या माउलीला मी उत्तर देऊ शकलो नाही. "तिचं साल कुठी गेलं नाही बाई, ते खात्यात आहे," असे सांगायचे म्हटले तर जीभ रेटत नव्हती. कारण खात्यातल्या त्या सालाने ना तिचा एसटीचा पास निघतो, ना रंगाची एक डबी येते. हे साल तिच्या हातात देणे हे आता तुमचे-आमचे काम आहे. जयभीम!